दाखवणं कमी करा, विचारणं वाढवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेच्या सांगण्यावरून तुम्ही सगळे घटक पीपीटीवर आणले, पाऊण-पाऊण तासाची रेकॉर्डिंग्ज करून चढवली, आठवड्याला दोन ऑनलाइन तास घेता आणि घटक संपला की क्विझ देता. एवढं करूनही मुलं कॅमेरे बंद करून बसतात, व्हिडिओ शेवटपर्यंत कुणी बघत नाही, स्वाध्याय चॅटजीपीटीकडून लिहून येतात आणि निकाल आहे तिथंच आहे. तेव्हा आता आणखी काय वापरावं, आणि पैसे भरायचेच तर कुठल्या प्लॅटफॉर्मचे?

प्लॅटफॉर्मचं शेवटी बघू. आणखी काही वापरू नका, हे मात्र आधीच सांगतो. शिक्षकांच्या शेजारी बसून त्यांचे ऑनलाइन कोर्स बांधायला मदत करणं हे माझं काम. त्यात एक गोष्ट इतक्या वेळा दिसते की कोर्स उघडायच्या आधीच तिचा अंदाज येतो. सगळी मेहनत दाखवण्यावर खर्ची पडलेली असते: स्लाइड, ॲनिमेशन, व्हिडिओ, सिम्युलेशन, लिंकांची रांग. मुलांना विचारलं काय जातं, हे शोधायला गेलं तर घटकाच्या तळाशी दहा प्रश्नांची एक क्विझ सापडते, तीही घाईत केलेली, बहुतेकदा जुन्या प्रश्नपत्रिकेतून उचललेली. तुमच्या वर्णनातही क्विझ सगळ्यात शेवटी, अर्ध्या वाक्यात आली आहे. घोडं तिथंच पेंड खातं.

दाखवणाऱ्या यंत्रांनी शाळा बदलेल ही आशा फार जुनी. चित्रपटांमुळे शाळेतली पुस्तकं लवकरच मोडीत निघतील, असं भाकीत थॉमस एडिसन यांनी १९१३ मध्ये केलं होतं. मग रेडिओ आला, टीव्ही आला, कॉम्प्युटर आला, आणि प्रत्येकाचे नव्याचे नऊ दिवस झाले. पेरू देशानं 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या मोहिमेत मुलांना लाखोंनी लॅपटॉप वाटले. लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या मिळून ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडल्याचं दिसलं नाही. शैक्षणिक तंत्रज्ञानाचे अभ्यासक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच या दुखण्यावर बोट ठेवलं होतं. माध्यम म्हणजे माल पोचवणारा ट्रक, आणि किराणा कुठल्या ट्रकनं आला यावर खाणाऱ्याचं पोषण ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पुरतं पटत नाही. काही ट्रक जाताना माल नेतात आणि येताना निरोप आणतात, आणि शिकवण्याच्या साधनांत हीच जात कामाची. सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात बनवलेलं यंत्र या जातीचं होतं: बहुपर्यायी प्रश्न समोर यायचा आणि बरोबर बटण दाबेपर्यंत पुढचा प्रश्न येतच नसे. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये सुरू झालेली प्लेटो ही संगणक प्रणालीही विद्यार्थ्याला उत्तर द्यायला लावायची.

विचारणं म्हणजे परीक्षा घेणं असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, म्हणून क्विझ तळाला जाते. पण आठवून उत्तर देणं हा शिकण्याचाच भाग आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मी प्रत्येक शिक्षकाला सांगतो. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं चारही फेऱ्यांत तो वाचला. दुसऱ्यानं तीन फेऱ्या वाचून चौथ्या फेरीत न बघता आठवून लिहिला. तिसऱ्यानं पहिल्या फेरीत वाचला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा नुसते वाचणारे पुढं होते: त्यांचे ८३ टक्के, बाकीच्यांचे ७८ आणि ७१. आठवड्यानं पारडं फिरलं. वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, एकदा आठवून लिहिणारे ५६ वर होते आणि तीनदा लिहिणारे ६१ वर. गंमत अशी की आपल्याला पुढं चांगलं आठवेल असा सगळ्यात जास्त भरवसा नुसत्या वाचणाऱ्यांना होता. परीक्षेच्या आदल्या रात्री तुमचं रेकॉर्डिंग दुप्पट वेगानं बघणारा विद्यार्थी याच गटातला.

तर पहिलं काम: ती दहा प्रश्नांची क्विझ फोडा. तीन प्रश्न तास सुरू होतानाच द्या, पण मागच्या आठवड्याच्या घटकावरचे. दोन-तीन प्रश्न तासाच्या मध्ये. बाकीचे प्रश्न दोन-तीन आठवडे दाबून ठेवा आणि मुलं तो घटक विसरायला लागली की काढा. याला गुण ठेवू नका, फार तर भाग घेतल्याचा एखादा गुण. गुण चिकटले की मुलं आठवत नाहीत, शोधतात. गूगल फॉर्म असो, मूडल या कोर्स चालवायच्या प्रणालीतली क्विझ असो, नाहीतर वहीत लिहून फोटो पाठवणं असो, यातल्या कशानंही काम होतं. मूडल असेल तर प्रश्नपेढी भरत जा. त्यातून दर वेळी वेगळे प्रश्न आपोआप निघतात आणि वर्षभरात ती पेढीच तुमची खरी पुंजी होते. स्लाइड दोन वर्षांत जुन्या दिसायला लागतात, चांगला प्रश्न दहा वर्षं चालतो.

चांगला प्रश्न म्हणजे कसा, इथं जरा थांबतो, कारण वाईट प्रश्न वेळेवर विचारला तरी तो वाईटच. दशांश अपूर्णांकांचं उदाहरण घेऊ, ते कुठल्याही विषयाच्या शिक्षकाला कळेल. यातली सर्वांत मोठी संख्या कोणती: ०.४, ०.३५ की ०.१२५? बरोबर उत्तर ०.४. समजा वर्गातल्या बहुतेकांनी तेच निवडलं. शिक्षक खूश, पुढचा घटक सुरू. पण दशांशात गोंधळणाऱ्या मुलांचे दोन ठळक प्रकार असतात. एकाला वाटतं, दशांशचिन्हापुढं जितके आकडे जास्त तितकी संख्या मोठी; १२५ हे ३५ पेक्षाही मोठे आणि ४ पेक्षाही. तो ०.१२५ म्हणतो आणि सापडतो. दुसऱ्याच्या डोक्यात बरोबर उलटं बसलेलं असतं: सहस्रांश हा दशांशापेक्षा लहान, म्हणून जितके आकडे जास्त तितकी संख्या लहान. तो ०.४ म्हणतो. उत्तर बरोबर, विचार साफ चुकीचा, आणि तुमच्या डॅशबोर्डवर हिरवी खूण.

आता फक्त आकडे बदला: ०.३, ०.४५, ०.१२५. पहिला पुन्हा ०.१२५ वर जाईल, दुसरा ०.३ वर, आणि ज्याला स्थानिक किंमत कळली आहे तो ०.४५ वर. तीन पर्याय, तीन वेगळ्या समजुती. निकालाचा आलेख बघितला की कुणाशी काय बोलायचं हे तिथल्या तिथं ठरतं. इथं आणखी एक खाचखळगा आहे. शेवटी शून्यं जोडून ०.३००, ०.४५०, ०.१२५ अशी लांबी सारखी करायची युक्ती आपण सर्रास सांगतो. तिनं दोघांचंही उत्तर बरोबर येतं, पण पहिल्याचा गैरसमज जागचा हलत नाही. तो आता ३००, ४५० आणि १२५ अशा पूर्ण संख्याच वाचत असतो. त्याला या तीन संख्या संख्यारेषेवर मांडायला सांगा, तिथं युक्ती चालत नाही.

अशा प्रश्नात सगळी करामत चुकीच्या पर्यायांची असते. ते बसून सुचत नाहीत. जुन्या उत्तरपत्रिका आणि स्वाध्यायाच्या वह्या काढा आणि मुलांनी खरोखर केलेल्या चुका पर्याय म्हणून घाला. 'वरीलपैकी सर्व' आणि 'यापैकी नाही' ही भरती काढून टाका, त्यातून तुम्हाला काहीच कळत नाही. एआयला चुकीचे पर्याय मागितले तर तो झटपट देतो, पण ते दिसायला चुकीचे असतात, मुलांच्या डोक्यातले नसतात. कच्चा माल म्हणून घ्या, निवड तुमची.

असा प्रश्न हातात आला की त्याच्याभोवती तास बांधता येतो. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर १९९१ पासून हेच करत आले. पाठ्यपुस्तकातली अवघड गणितं सोडवणारी त्यांची मुलं बळ आणि गती यांवरच्या साध्या प्रश्नांत अडखळायची. मग त्यांनी व्याख्यान तोडलं. थोडं बोलायचं, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं एकट्यानं विचार करून उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं आणि पुन्हा नोंदवायचं. साधारण ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील तर ही चर्चा रंगते. त्याहून कमी असतील तर पटवून देणारेच कमी, तेव्हा तुम्ही पुन्हा समजावा. जास्त असतील तर दोन वाक्यं बोलून पुढं चला. पहिलं उत्तर एकट्याचं असणं महत्त्वाचं आहे. ती पायरी गाळली की दोघांतला हुशार बोलतो आणि दुसरा मान हलवतो. तुमच्या 'काय वापरू' या प्रश्नाच्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट. नॅथॅनिएल लॅस्री यांनी २००८ मध्ये याच पद्धतीत इलेक्ट्रॉनिक क्लिकर (बटण दाबून उत्तर नोंदवायचं छोटं यंत्र) आणि हातात धरायची कागदी कार्डं अशी तुलना केली. शिकण्यात फरक आढळला नाही. क्लिकरचा फायदा असा की नोंद राहते आणि नंतर ती चाळता येते. तेवढ्या फायद्यासाठी जेवढे पैसे द्यावेसे वाटतात तेवढेच द्या.

ऑनलाइन तासाला हे कसं बसवायचं? तुम्ही विचारता 'समजलं का?' आणि पडद्यापलीकडून एक-दोन 'हो सर' येतात. हा प्रश्न बादच करा. त्याऐवजी प्रश्न स्क्रीनवर ठेवा आणि सांगा: 'सगळ्यांनी चॅटमध्ये उत्तर टाइप करा, पण मी म्हणेपर्यंत पाठवायचं नाही.' मिनिटभर गप्प बसा. मग म्हणा, 'पाठवा.' एकाच क्षणी सगळी उत्तरं कोसळतात. पहिल्या हुशार मुलाचं उत्तर बघून बाकीच्यांनी तेच उतरवायची सोय राहत नाही, आणि लाजरी मुलंही लिहितात, कारण गर्दीत त्यांचं उत्तर वेगळं उठून दिसत नाही. त्या गर्दीतलं एक चुकीचं पण विचार असलेलं उत्तर उचला, नाव घेऊ नका, आणि विचारा: 'असं उत्तर देणाऱ्यानं काय विचार केला असेल?' तासातला सगळ्यात जिवंत भाग हा असतो.

त्या मिनिटभराच्या शांततेची शिक्षकांना फार धास्ती वाटते. मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिफिती तपासून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदाच्या आसपासच थांबतात; तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात आणि 'माहीत नाही' कमी होतं. ऑनलाइन तासात आवाज पोचायला लागणारा वेळ आणि म्यूट काढायचा वेळ यात धरा, म्हणजे दहा सेकंद ही काही चैन नाही. मोजायला जड जात असेल तर पाणी प्या.

कॅमेऱ्याची सक्ती करू नका. कॅमेरा चालू म्हणजे लक्ष आहे असं होत नाही, आणि तो बंद ठेवण्याची कारणं बहुधा लाज, मागची खोली किंवा नेट ही असतात. जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची जी कारणं मांडली त्यात सतत स्वतःचा चेहरा समोर दिसणं हे एक होतं. त्यामुळे ज्यांचे कॅमेरे चालू असतात त्यांना स्वतःची चौकट लपवायला शिकवा. मूल जागेवर आहे की नाही हे चेहऱ्यावरून ओळखण्यापेक्षा दर सात-आठ मिनिटांनी आलेल्या उत्तरावरून ओळखा. हजेरीही त्यावरच घ्या.

आता रेकॉर्डिंग. पाऊण तासाचा व्हिडिओ कुणी बघत नाही यात मुलांचा आळस शोधू नका. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या प्लॅटफॉर्मवरच्या चार कोर्समधली ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी एका बैठकीत तो बघण्याचा मध्यक काळ फार तर सहा मिनिटांचा निघाला. स्टुडिओतल्या गुळगुळीत चित्रणापेक्षा टेबलाशी बसून साधेपणानं केलेले व्हिडिओ आणि पडद्यावर हातानं लिहीत जाणारे व्हिडिओ जास्त बघितले गेले, आणि वर्गातल्या व्याख्यानाचं चित्रण कापून तुकडे केलेले व्हिडिओ मागं पडले. म्हणजे जुनं रेकॉर्डिंग सुरीनं कापून भागत नाही. सहा मिनिटांत एक कल्पना, असं ठरवून नव्यानं बोलावं लागतं. सगळे घटक नव्यानं करायला बसू नका, त्यात वर्ष जाईल. मुलं जिथं दर वर्षी अडकतात अशा सात-आठ जागा तुम्हाला पाठ असतील, तेवढ्याच करा. बाकीच्यासाठी पाठ्यपुस्तकाचं पान सांगा.

व्हिडिओत पैसे घालायचे तर माइकवर घाला, कॅमेऱ्यावर नको. धूसर चित्र माणूस सहन करतो, घुमणारा आवाज नाही. स्लाइडवर परिच्छेद लिहून तोच वाचून दाखवू नका. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून वारंवार दिसलेली गोष्ट अशी की आकृतीबरोबर बोललेलं तेच वाक्य पुन्हा लिहूनही दाखवलं तर शिकणं वाढायच्या ऐवजी घटतं, कारण डोळे वाक्य आणि आकृती यांत विभागले जातात. शोभेची चित्रं आणि पार्श्वसंगीत यांचीही तीच गत. मात्र ज्यांना ऐकू कमी येतं किंवा भाषा परकी आहे त्यांच्यासाठी चालू-बंद करता येणारी सबटायटल्स ठेवा. नियमाला हा अपवाद हवाच. आणि व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न विचारा. कार्ल झ्पुनर, नोव्हॉल खान आणि डॅनिएल शॅक्टर यांनी २०१३ मध्ये २१ मिनिटांचं ऑनलाइन व्याख्यान चार भागांत तोडून दाखवलं. ज्या गटाला प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी होती, त्यांचं मन भरकटणं निम्म्याहून कमी झालं, टिपणं वाढली आणि शेवटच्या चाचणीत ते पुढं राहिले. व्हिडिओत प्रश्न घालायचं साधन नसेल तर सहा मिनिटांचा व्हिडिओ, त्याखाली एक फॉर्म, मग पुढचा व्हिडिओ. झालं.

डेटाचा हिशोब कुणी करत नाही, तो एकदा करून बघा. एक मेगाबिट प्रति सेकंद या वेगानं व्हिडिओ चालला तर तासाला ४५० एमबी जातात. बोलण्यापुरता आवाज ३२ किलोबिटला नीट ऐकू येतो, त्याचे तासाला होतात १५ एमबीपेक्षा कमी. घरात एक फोन आणि तो वापरणारी तीन माणसं असतील तर हा फरक मूल शिकणार की नाही इतका मोठा आहे. म्हणून प्रत्येक व्हिडिओसोबत त्याचा आवाज वेगळा आणि दोन पानांचं टिपण द्या. टिपण टाइप केलेलं असू द्या. पुस्तकाचं पान फोटो काढून पीडीएफ केलं की ते चित्र होतं, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचं स्क्रीन रीडर त्यातलं एक अक्षरही वाचू शकत नाही. फोनवर ते वाचणाऱ्या डोळसांचेही हालच.

साहित्य सगळं चढवून ठेवलंय, आता ज्यानं त्यानं आपापल्या वेळेत करावं, असा विचार असेल तर तो सोडा. स्टॅनफर्डच्या २०११ मधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खुल्या कोर्सला सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदवलं तेव्हा विद्यापीठांचे दिवस भरले असं लोक बोलायला लागले होते. जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेस-व्हालिएंते यांनी २०१९ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्स कोर्सचा हिशोब मांडला, तेव्हा २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी ३.१३ टक्क्यांनी कोर्स पुरा केल्याचं निघालं. साहित्य उत्तम होतं. पण आठवडा आखून देणारं आणि तू का आला नाहीस असं विचारणारं कुणी नव्हतं. हे काम तुमचं, आणि त्याला तंत्रज्ञान फारसं लागत नाही. आठवड्याच्या सुरुवातीला एका ठरलेल्या जागी चार ओळींचा संदेश टाका: या आठवड्यात काय बघायचं, काय करून द्यायचं, कधीपर्यंत, अडलं तर कुठं विचारायचं. ठरलेली जागा एकच. अर्ध्या सूचना ग्रुपवर, काही ईमेलवर आणि उरलेल्या प्लॅटफॉर्मवर असल्या की मुलांचं अर्धं डोकं शोधाशोधीत जातं. दोन आठवडे काहीच न दिलेल्या मुलाला स्वतः फोन करा किंवा दोन वाक्यांचा आवाजी निरोप पाठवा. आपोआप जाणारं स्मरणपत्र आणि शिक्षकानं नाव घेऊन विचारणं यांतला फरक मुलं लगेच ओळखतात.

हे सगळं सुरू केलंत की पहिल्या महिन्यात तक्रारी येतील: 'सर शिकवतच नाहीत, नुसते प्रश्न विचारतात.' घाबरू नका. लुई डेलोरिये आणि सहकाऱ्यांनी हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ मध्ये दाखवलं की सक्रिय पद्धतीनं शिकलेली मुलं चाचणीत पुढं होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं कळतंय असा भास होतो. स्वतः धडपडताना आपलं अज्ञान टोचतं. वर रोडिगर-कार्पिकच्या प्रयोगात वाचणाऱ्यांना वाटलेला भरवसा आठवा, हे त्याचंच दुसरं रूप. हे मुलांना पहिल्याच तासाला सांगून टाका, आकड्यांसकट. मुख्याध्यापकांना किंवा विभागप्रमुखांनाही सांगा, कारण पालकांचा फोन त्यांना जातो.

तपासणीबद्दल एकच. रुथ बटलर यांच्या १९८८ मधल्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. शेरा आणि गुण दोन्ही मिळालेल्यांची गत नुसते गुण मिळालेल्यांसारखीच झाली. गुण दिसले की शेरा कुणी वाचत नाही. प्लॅटफॉर्मवर गुण उशिरा खुले करायची सोय बहुधा असते. शेरा आज द्या, मुलांकडून दुरुस्ती घ्या, मग गुण उघडा.

आता चॅटजीपीटी. तुर्कस्तानातल्या सुमारे हजार माध्यमिक विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. हमसा बस्तानी आणि सहकाऱ्यांचा. साधं चॅटजीपीटीसारखं साधन हाताशी असताना सरावाची गणितं ४८ टक्के जास्त चांगली सुटली. साधन काढून घेतल्यावर तीच मुलं, ज्यांना ते कधीच मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्के मागं पडली. दुसऱ्या गटाला त्याच साधनाचं बांधून दिलेलं रूप होतं: शिक्षकांनी घातलेल्या सूचनांप्रमाणे ते उत्तर न देता इशारे द्यायचं. त्यांचा सराव १२७ टक्क्यांनी सुधारला आणि नंतरचं नुकसान जवळजवळ झालं नाही. पण नंतरच्या परीक्षेत फायदाही दिसला नाही, हेही लक्षात ठेवा. जाहिरातींत फक्त पहिला आकडा येतो. इथंही तोच भेद आहे. उत्तर दाखवणारं यंत्र मुलाला आयतं बसवतं. उलट प्रश्न विचारणारं यंत्र निदान त्याला हात-पाय हलवायला लावतं.

चोरी पकडणाऱ्या डिटेक्टरच्या नादी लागू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचंच असं साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून मागं घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंध हे डिटेक्टर सरासरी निम्म्याहून जास्त वेळा यंत्राचे ठरवतात. अशा पुराव्यावर मुलाला चोर म्हणणं हा अन्याय आहे. त्यापेक्षा स्वाध्यायाची रचना बदला. घरून काय लिहून आणायचं ते आणू द्या, यंत्राची मदत घेतली तर कुठं घेतली ते एका ओळीत लिहायला सांगा, आणि दर आठवड्याला पाच मुलांशी तीन-तीन मिनिटं बोला. 'हा दुसरा मुद्दा पहिल्याआधी का नाही लिहिलास?' 'इथं आकडा दुप्पट केला तर निष्कर्ष टिकेल का?' ज्यानं स्वतः विचार केला आहे तो अडखळत का होईना पण सांगतो. ज्यानं चिकटवलं आहे तो आपल्याच कागदाकडं अनोळखी नजरेनं बघतो. कुणाची पाळी कधी येईल हे मुलांना माहीत नसेल तर सगळेच तयारीनं येतात. पन्नास-साठ मुलांचा वर्ग असला तरी सत्रात प्रत्येकाची एक-दोनदा पाळी लागते. घरी बसलेल्या मुलावर कॅमेऱ्यानं पहारा ठेवणारी सॉफ्टवेअर घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

राहिला प्लॅटफॉर्म. तुमच्याकडं आत्ता जे आहे त्यावर वर सांगितलेलं सगळं होतं, म्हणून या सत्रात काही विकत घेऊ नका. फक्त तासाच्या सुरुवातीचे तीन प्रश्न आणि 'मी म्हणेपर्यंत पाठवू नका' एवढं दोनच गोष्टींचं सुरू करा. व्हिडिओ पुढच्या सुट्टीत. त्यानंतर संस्थेला खरेदी करायचीच असेल तर विक्रेत्याच्या डेमोत रमू नका, डेमो दाखवण्यासाठीच असतो. पुढच्या गोष्टी विचारा. माझे प्रश्न आणि मुलांच्या उत्तरांची नोंद मला साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येते का? करार संपल्यावर मुलांची माहिती कुठं राहते आणि कोण पुसतं? हळू नेटवर आणि स्वस्तातल्या फोनवर हे चालतं का? ते माझ्यासमोर, तुमच्या ऑफिसच्या वायफायशिवाय चालवून दाखवा. आणि एका प्रश्नाला कुणी कुठला चुकीचा पर्याय निवडला, हे मला तास चालू असतानाच दिसतं का, की रात्री फक्त सरासरी टक्केवारी मिळते? शेवटच्याला 'नाही' आलं तर बाकीची सगळी वैशिष्ट्यं असूनही ते तुमच्या कामाचं नाही.